घरबसल्या विज्ञान : खेकड्याला लस कोण टोंचतें?

आमच्या एका वाचकांच्या घरीं परवां लहानसा प्रसंग घडला. धाकट्या नातवास गोवराची लस टोंचून आणली होती. दंड चोळीत त्यानें विचारलें, "आजोबा, खेकड्याला लस कोण टोंचतें?" माजघरांत हंशा पिकला, पण आजोबांनीं तो प्रश्न हंशांत बुडूं दिला नाहीं, आम्हांस लिहून पाठविला. प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. त्याच्या उत्तरावर हजारों कुटुंबांची भाकर अवलंबून आहे, हें पुढें दिसेलच. खेकडा, कोळंबी हीं नांवें ज्या घरांत ताटावर बसल्यावर उच्चारीत नाहींत, त्यांनीं हा मजकूर जेवणानंतर वाचावा. आमच्या सारस्वत वाचकांस ही सूचना लागू नाहीं.

मनुष्याच्या शरीरांत एकदां येऊन गेलेल्या रोगजंतूची ओळख जपून ठेवणाऱ्या पेशी असतात, व त्या जंतूवर नेमकें लागू पडणारें प्रतिद्रव्य तयार करतात. लस म्हणजे ह्या पेशींस आगाऊ दिलेला धडा होय. खेकडा, कोळंबी, शेवंड ह्या कवचधारी प्राण्यांत अशीं प्रतिद्रव्यें मुळींच नसतात. तरीहि जंतूंनीं भरलेल्या पाण्यांत हे जीव जन्मभर वावरतात. मग त्यांचें रक्षण होतें कसें? कवच ही पहिली तटबंदी खरी. पण वाढ होतांना जुनें कवच टाकावें लागतें, आणि नवें कठीण होईपर्यंत अंग मऊ राहतें. शत्रु अशा वेळीं किंवा जखमेवाटे आंत शिरला, म्हणजे रक्तांतील पेशींची पाळी येते. ह्या प्राण्यांचें रक्त आपल्याप्रमाणें लाल नसतें. लोहाऐवजीं त्यांत तांब्याचें द्रव्य असतें, म्हणून हवा लागतांच त्यास निळसर छटा येते.

ह्या पेशींची लढाई प्रथम डोळ्यांनीं पाहण्याचा मान रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांचा. सन 1882 मध्यें इटलींतील मेसिना येथें त्यांनीं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत गुलाबाचे कांटे खुपसले, तों दुसऱ्या दिवशीं फिरत्या पेशी कांट्यांभोंवतीं गोळा झालेल्या दिसल्या. पुढें सन 1884 मध्यें त्यांनीं जलपिसू नांवाच्या चिमुकल्या कवचधारी जीवावरील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. एका किण्वाचे सुईसारखे बीजाणु तिच्या आंतड्यास भोंक पाडून रक्तांत शिरत, व रक्तपेशी त्यांस वेढून गिळून टाकीत. पेशी जिंकल्या तर जलपिसू वांचे. बीजाणूंना अंकुर फुटून त्यांची संख्या वाढली तर पेशीच विरून जात आणि जलपिसू मरे. रोग म्हणजे दोन पक्षांचें युद्ध, ही कल्पना अशी एका थेंबभर पाण्यांत प्रत्यक्ष दिसली. ह्या कार्याबद्दल मेच्निकॉव्ह यांस सन 1908 चें नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासह मिळालें.

कवचधारी प्राण्यांच्या रक्तपेशींचे आज साधारणपणें तीन प्रकार मानतात : कण नसलेल्या, थोडे कण असलेल्या आणि कणांनीं भरलेल्या. जंतु शिरला कीं त्याच्या आवरणावरील विशिष्ट द्रव्यें रक्तांतील कांहीं प्रथिनें ओळखतात. जंतूची जात त्यांस कळत नाहीं. हा परका आहे, एवढेंच कळतें. मग कांहीं पेशी त्यास गिळतात. शत्रु आकारानें मोठा असेल तर अनेक पेशी त्यास चिकटून थरावर थर चढवितात व त्याची गांठ करून टाकतात. कणयुक्त पेशी फुटून जंतुनाशक द्रव्यें सोडतात, आणि जखमेच्या तोंडाशीं रक्त गोठून वाट बंद होते.

ह्यांतील एक क्रिया आमच्या वाचक भगिनींच्या ओळखीची वाटेल. चिरलेलें वांगें पाण्यांत टाकलें नाहीं तर काळें पडतें. तें काम तांब्याचा अंश असलेल्या एका पाचकासारख्या द्रव्याचें असतें. तशाच प्रकारचें द्रव्य कोळंबीच्या कणयुक्त पेशींत निद्रिस्त ठेवलेलें असतें. जंतूची चाहूल लागतांच एकामागून एक प्रथिनें जागीं होऊन शेवटीं त्यास जागें करतात, आणि जंतूभोंवतीं काळा थर बसून तो जागच्या जागीं मरतो. स्वीडनमधील उप्साला येथें केनेथ सोडरहॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोड्या पाण्यांतील शेवंडासारख्या एका प्राण्यावर ह्या क्रियेचा दीर्घ अभ्यास केला आहे. हें अस्त्र दुधारी आहे. त्यांतून निघणारीं विषारी द्रव्यें स्वतःच्या शरीरासहि जाळतात; म्हणूनच तें निजवून ठेवावें लागतें, आणि काम आटोपतांच त्यास आवरणारीं प्रथिनेंहि रक्तांत सिद्ध असतात.

जीवाणूंशीं हें युद्ध बहुधा साधतें. विषाणूची गोष्ट निराळी. तो पेशीबाहेर उभा राहून लढत नाहीं. पेशींतच शिरून तिच्याच साधनांनीं आपली प्रजा वाढवितो. श्वेतठिपक्या रोगाचा विषाणु तर खुद्द ह्या शिपाईपेशींतच घर करतो. रक्तांतील पेशींची संख्या झपाट्यानें घटते, आणि वर सांगितलेली काळें पाडण्याची क्रियाहि तो अडवितो. पहारेकरीच फितवावा आणि मग घर लुटावें, असा हा प्रकार होय. पेशींजवळ उपाय अगदींच नाहीं असें मात्र नाहीं. विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे ओळखून कापण्याची एक व्यवस्था त्यांच्यांत आहे. पण विषाणूचा वेग बहुधा अधिक ठरतो.

हा रोग सन 1992 च्या सुमारास पूर्व आशियांत प्रकट झाला व सन 1994 मध्यें भारताच्या कोळंबीच्या तळ्यांत पोंचला. कवचावर पांढरे ठिपके दिसूं लागले कीं तीन ते दहा दिवसांत सारें तळें मरून जाऊं शकतें. मनुष्यास त्याची बाधा होत नाहीं. पण कर्ज काढून तळें खोदणाऱ्या शेतकऱ्यास ह्या रोगानें अनेकदां पुरतें बुडविलें. आंध्रचा किनारा असो कीं आमच्या पालघर-रायगडकडील खाडीकांठ असो, भय एकच.

आतां नातवाच्या प्रश्नाचें उत्तर. खेकड्यास लस कोणी टोंचीत नाहीं, कारण धडा गिरवून तो जन्मभर लक्षांत ठेवणारी आपल्यासारखी पेशी त्याच्याजवळ नाहीं. रोगांतून वांचलेली कोळंबी कांहीं आठवडे अधिक टिकाव धरते असें प्रयोगांत दिसलें आहे. शास्त्रज्ञांची आशा त्या धाग्यावर आहे. तोंवर शेतकऱ्याच्या हातीं राहतें तें पथ्य : बीं तपासून घेणें, तळ्यांत दाटी न करणें, आजारी तळ्याचें पाणी शेजाऱ्याच्या तळ्यांत न सोडणें. सन 2009 पासून आपल्याकडे रोगमुक्त जनकांपासून काढलेल्या व्हेनामी कोळंबीचें पालन रूढ झालें. पण रोगमुक्त बीं म्हणजे रोगास न बळी पडणारें बीं नव्हे, हा भेद विसरणाऱ्यास फटका बसतोच.

तेव्हां आजोबांनीं नातवास एवढेंच सांगावें : बाळ, खेकड्याचा शिपाई शूर आहे, पण त्याला कालची लढाई फारशी आठवत नाहीं. तुझ्या शिपायाला ती आठवावी, म्हणून तुला ती एवढीशी सुई सोसावी लागली.