जुन्या ट्रॅक्टरची किंमत लिहून द्या

गुढीपाडव्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात मोठ्या घाईचे असतात. पाडव्याला नवा ट्रॅक्टर दारात उभा राहावा म्हणून शेतकरी जुना बदलीत देतो. तो एजन्सीच्या मागच्या पटांगणातून एक-दोन हात फिरतो आणि पुढच्या शेतकऱ्याच्या दारात जातो. वाटेत त्याला नवा रंग, नवे स्टिकर आणि नवे सीट मिळते. इंजिनाला बहुधा काहीच मिळत नाही. आणि मग घेणारा तुमच्यापैकी कुणाला तरी सोबत नेऊन विचारतो, "मेस्त्री, किती द्यावेत?"

या प्रश्नाला आपल्या व्यवसायात आजही एका आकड्याने उत्तर दिले जाते. मॉडेल कोणत्या सालचे, टायर किती टक्के, आवाज कसा, एवढे पाहून आकडा सांगायचा आणि चहा घेऊन निघायचे. दहा वर्षांच्या आतल्या ट्रॅक्टरला हे एकवेळ चालेल. तीस, चाळीस, पन्नास वर्षांच्या ट्रॅक्टरला ते मुळीच चालत नाही. असा ट्रॅक्टर घेणारा बहुतेक वेळा अल्पभूधारक असतो. एवढ्या जुन्या यंत्रावर त्याला बँक सहसा कर्ज देत नाही, तो रोख पैसे मोजतो, आणि चुकीच्या ट्रॅक्टरमुळे त्याचा एक हंगाम बुडतो. तुमच्या तोंडी आकड्यावर त्याने विसंबावे अशी अपेक्षा असेल, तर तो आकडा कसा आला हे त्याच्या हातात लेखी द्यायला हवे.

एवढ्या जुन्या ट्रॅक्टरच्या सालाचा उपयोग वेगळा आहे. आयशरने १९५९ मध्ये फरीदाबादला ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली. त्यानंतर टाफेने मॅसी फर्ग्युसन आणला, महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये कंपनी काढून बी-२७५ आणला, पिंजोरला एच.एम.टी.ने झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर काढले आणि १९७४ मध्ये स्वराज ७२४ आला. यातल्या कोणत्या घराण्याचा ट्रॅक्टर आहे यावरून त्याचे सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत मिळतील ते ठरते. मॅसी १०३५ चे सामान तालुक्याच्या दुकानात मिळते. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे त्याचे सामान बाहेरच्या कारखान्यांचे किंवा मोडीतून काढलेले असते. दोन ट्रॅक्टर तितकेच चांगले चालत असले तरी हा फरक किमतीत दिसलाच पाहिजे. पेरणीच्या तोंडावर एखाद्या गिअरसाठी आठ दिवस उभा राहणारा ट्रॅक्टर स्वस्त नसतो.

सालापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरने काय काम केले. याची चौकशी आपण फार कमी करतो, आणि आमच्या मते निम्मे मूल्यमापन इथेच होते. ऊसपट्ट्यात दोन ट्रॉल्या ओढून कारखान्याच्या वाऱ्या केलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन एकदा बांधलेले असते, पण क्लच, क्राऊन-पिनियन, ब्रेक आणि पुढच्या ॲक्सलची सेंटर पिन यांनी खरा मार खाल्लेला असतो. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरचे ॲक्सल सील, हबचे बेअरिंग आणि ब्रेक ड्रम आधी बघा, कारण चिखलाचे पाणी तिथूनच आत शिरते. द्राक्षबागेत फवारणीला वापरलेल्या ट्रॅक्टरवर बोर्डो मिश्रण आणि गंधकाने पत्रा, वायरिंग आणि रिम खाल्लेले असतात, आणि पीटीओ इतर कामांच्या मानाने कितीतरी अधिक चाललेला असतो. विहिरीच्या कामाला कॉम्प्रेसर बसवून चालवलेला ट्रॅक्टर तर जागेवर उभा राहून तासन्‌तास चाललेला असतो. त्याचे टायर आणि स्टेअरिंग पाहून फसायला होते, कारण ते जवळजवळ झिजलेलेच नसतात.

म्हणून तासांच्या मीटरला फार मान देऊ नका. केबलवर चालणारा मीटर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवरच खरा तास मोजतो. संथ चालवले की तो मागे राहतो. शिवाय इतक्या वर्षांत केबल तुटलेली किंवा मीटर बदललेला असण्याचीच शक्यता जास्त. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरची झीज, ड्रॉबारच्या पिनचे भोक किती लंबगोल झाले, खालच्या लिंकचे बॉल किती खेळतात, हे खोटे बोलत नाहीत.

आता इंजिन. पाहायला जाण्याआधी मालकाला निरोप द्या की ट्रॅक्टर सुरू करून ठेवू नये. पोचल्यावर पहिला हात मॅनिफोल्डवर ठेवा. गरम असेल तर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन किती वेळात पकडते, पहिल्या मिनिटाला धूर कोणत्या रंगाचा, हे पाहिल्याशिवाय किंमत बोलूच नये. मात्र उशिरा सुरू होणे म्हणजे इंजिन गेलेच असा निकालही देऊ नका. जुन्या बी-२७५ मध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी वेगळ्या कप्प्यात पेटते, म्हणून थंडीत त्याला हीटर प्लग लागतात. ते जळालेले असतील तर धडधाकट इंजिनही रडते. थोड्याशा खर्चाच्या प्लगसाठी इंजिनाचे फुल काम सांगणारे मेस्त्री आपल्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांची पत जाते.

निळा धूर ऑइल जळण्याचा. काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचा, तेव्हा एअर क्लीनर उघडून पाहिल्याशिवाय नोझल-पंपाला दोष देऊ नका. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर पाण्याचा संशय घ्या, आणि पुढच्या खेपेस रेडिएटर थंड असताना झाकण काढून, इंजिन चालू करून बुडबुडे येतात का पाहा. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ असेल तर प्रश्नच मिटला. ब्रीदर जोरात मारत असेल तर पिस्टन-रिंगांचे काम आले आहे. आयशरच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटर नाही, म्हणून तिथे सिलिंडरचे फिन साफ आहेत की भुशाने बुजलेत आणि ब्लोअर नीट वारा देतो का, हे पाहावे लागते.

खरी परीक्षा तासभर नांगर लावून चालवल्यावर होते. विकणारा नको म्हणत असेल तर तेच उत्तर समजा. गरम झालेल्या इंजिनाचे ऑइल प्रेशर संथ चालीवर किती उरते ते वाचा, मग इंजिन बंद करा आणि लगेच पुन्हा चालू करून बघा. थंड असताना झटकन लागणारे आणि गरम असताना न लागणारे इंजिन दिसले, आणि त्यावर रोटरी पंप असेल, तर पंपाचा हेड आणि रोटर झिजलेला असण्याची शक्यता मोठी. पातळ झालेले डिझेल त्यातून निसटते. गरम पंपावर ओले फडके टाकल्यावर इंजिन लागले तर खात्री पटतेच. हा खर्च मोठा असतो आणि थंड परीक्षेत तो कधीच दिसत नाही. लिफ्टचेही तसेच. थंड तेलावर नांगर उचलणारी लिफ्ट गरम तेलावर हात टेकते. नांगर उचलून धरा आणि तो किती वेगाने खाली येतो ते पाहा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हळूहळू उतरणे समजून घेता येते; इंजिन चालू असताना धक्के खात वर-खाली होणे समजून घेता येत नाही.

चढावर ट्रॉलीसह ओढताना गिअर सटकतो का, क्राऊन-पिनियन ओढताना आणि सोडताना वेगवेगळा आवाज करतात का, हे कान देऊन ऐका. क्लच हाऊसिंग आणि पुढच्या ॲक्सलच्या आधारावर वेल्डिंगची रेघ शोधा. नवा रंग असेल तिथे ती नखाने खरवडून शोधावी लागते. पुढे लोडर किंवा डोझर बसवलेल्या ट्रॅक्टरचे हाऊसिंग तडकलेले असू शकते, आणि ते कितीही सुंदर वेल्ड केले तरी त्या ट्रॅक्टरला चांगल्या ट्रॅक्टरचा भाव देता येत नाही. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असेल तर व्हॉल्व्हजवळ रिम कुजला आहे का ते बघा.

किमतीचा हिशेब असा मांडावा असे आम्ही सुचवतो. समजा तुमच्या भागात त्याच मॉडेलचा, कामाला लावता येईल असा बरा ट्रॅक्टर २ लाखांना जातो. समोरच्या ट्रॅक्टरला इंजिनाचे हाफ काम आहे, ते ३५ हजार. क्लचचे १५ हजार. मागचे टायर संपलेत, नवी जोडी ४० हजार. अनेकजण इथे ४० हजार वजा करतात. ते चूक आहे, कारण २ लाखांच्या त्या बऱ्या ट्रॅक्टरचे टायरही नवे नसतात, अर्धे झिजलेलेच असतात. म्हणून २० हजार वजा. उरले १ लाख ३० हजार. त्यातून उघडल्याशिवाय न कळणाऱ्या दोषांसाठी काही रक्कम वजा करा आणि ती तशी लिहा. हे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे दर तुम्हीच घाला. सर्वांत खालची मर्यादा मोडीची. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दीड ते पावणेदोन टनांचा असतो, आणि त्याचे लोखंड, वर टायर-बॅटरी व चालू सुटे भाग, यांच्या बेरजेखाली किंमत कुणी जाऊ देणार नाही.

हौसेची किंमत यात मिसळू नका. पंजाब-हरियाणात फोर्ड ३६०० आणि एच.एम.टी. ५९११ यांचे शौकीन आहेत, तिथल्या किमती मोबाइलवर आपल्याकडेही पोचतात आणि इथला विकणारा त्याच मागतो. शौकिनाला मूळ बोनेट, मूळ नावपट्टी, मूळ मीटर, आर.सी.शी जुळणारा इंजिन नंबर आणि जुनाच का होईना पण कारखान्याचा रंग हवा असतो. शेतकऱ्याला यातले इंजिन नंबराशिवाय काहीच लागत नाही, तेव्हा त्याच्याकडून त्याचे पैसे घेणे अन्याय आहे. पण उलट बाजूही लक्षात ठेवा. सगळे मूळ भाग शाबूत असलेला, कुणी न छेडलेला ट्रॅक्टर मोडीत चालला असेल तर तो थांबवा आणि योग्य ग्राहकाकडे पाठवा. एकदा बोनेट आणि मडगार्ड कापले की ते परत येत नाहीत.

कागद पाहणे आपले काम नाही, असे काही मेस्त्री म्हणतात. निदान चेसिस आणि इंजिन नंबर आर.सी.शी ताडून पाहणे आपलेच काम आहे, कारण तो कुठे ठोकलेला असतो हे आपल्यालाच माहीत असते. नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण लागते. ते थकलेले असेल तर तो खर्चही किमतीतून वजा व्हायला हवा. नमुना २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेचा नमुना ३५, परराज्यातून आलेला असेल तर ना-हरकत, हे नसेल तर सौदा पुढे ढकला. विकणाऱ्यालाही सांगा की नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. पैसे मिळाले म्हणून तो मोकळा झालेला नसतो.

आपण तपासलेल्या प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरची एक पानी नोंद करा: काय पाहिले, काय पाहता आले नाही, कोणत्या दुरुस्तीला किती धरले, किंमत किती निघाली. एक प्रत घेणाऱ्याला द्या, एक स्वतःकडे ठेवा, खाली सही करा. आणि तुमच्या तालुक्यातले हाफ कामाचे, फुल कामाचे, क्लचचे, पंपाचे आणि लिफ्टचे आजचे दर मॉडेलनिहाय लिहून या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. ते जिल्हावार छापायला आम्ही पाने राखून ठेवली आहेत.