ओल्ड नंबर वन कोर्टाची पायरी चढते

लंडनच्या हायकोर्टात 1990 साली एका मोटारीवरून दावा चालला. सौदा 1 कोटी पौंडांचा होता. विकणाऱ्याचं म्हणणं, ही बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’, ले मान्सची 24 तासांची शर्यत लागोपाठ दोनदा मारलेली. घेणाऱ्या मिडलब्रिज कंपनीच्या मनात पाल चुकचुकली. शर्यत जिंकलेल्या गाडीचं यात उरलंय तरी काय? व्यवहार अडला आणि प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर आलं. त्यांनी दिलेला निकाल आजही वाचण्यासारखा आहे, आणि आपल्याकडच्या नियमांच्या शेजारी ठेवून वाचला तर जास्तच.

गाडीची कुळकथा अशी. किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटोचा मुलगा वुल्फ याने 1926 मध्ये डबघाईला आलेल्या बेंटली कंपनीत पैसा ओतला आणि तो कंपनीचा अध्यक्ष झाला. हौशी मालक शर्यतीत उतरला की बहुधा शोभा होते, पण हा गडी वेगळा होता. ले मान्सला तो तीनदा उतरला, 1928, 1929 आणि 1930 साली, आणि तिन्ही वेळा जिंकला. शेवटचे दोन विजय या गाडीतले. साडेसहा लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची ही ‘स्पीड सिक्स’ 1929 मध्ये अंगावर 1 आकडा घेऊन धावली, म्हणून हे नाव. त्या वर्षी पहिले चारही नंबर बेंटलीचेच आले. बार्नाटोबरोबर 1929 मध्ये टिम बर्किन होता, 1930 मध्ये ग्लेन किडस्टन. त्या दुसऱ्या शर्यतीत काराचिओलाच्या मर्सिडीजने बेंटलीवाल्यांना बराच वेळ घाम फोडला, पण अखेर तीच बाद झाली.

शर्यतीच्या गाडीला कोणी काचेच्या कपाटात ठेवत नाही. मोसम संपला की ती कारखान्यात उघडी पडायची. झिजलेलं जायचं, नवं लागायचं, पुढच्या वर्षी लागेल तशी तिची घडण बदलायची. 1931 मध्ये बेंटली कंपनी बुडून रोल्स-रॉइसच्या घशात गेली, तरी गाडी पळतच राहिली. त्याच वर्षी ब्रुकलँड्सची 500 मैलांची शर्यत तिने मारली. 1932 साठी तिला थेट आठ लिटरचं इंजिन बसवलं.

ब्रुकलँड्स हा सरे परगण्यातला काँक्रीटचा ट्रॅक. त्याची वळणं भिंतीसारखी वर चढत गेलेली, कडेला जवळजवळ 29 फूट उंच. सप्टेंबर 1932 मधल्या 500 मैलांच्या शर्यतीत जॅक आणि क्लाइव्ह डनफी हे दोघे भाऊ आळीपाळीने ही गाडी चालवत होते. क्लाइव्हच्या पाळीत गाडी त्या वळणाच्या वरच्या कडेवरून बाहेर गेली. क्लाइव्ह जागीच गेला. बार्नाटोने मोडलेली गाडी पुन्हा उभी करून घेतली, या वेळी रस्त्यावर वापरायला बंदिस्त कूपे म्हणून. पुढे मालक बदलत गेले, बॉडीही पुन्हा बदलली.

कोर्टात एकेक भाग तपासला गेला, तेव्हा 1929 च्या गाडीतलं जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. 1930 च्या गाडीतलंही फक्त गिअरबॉक्सचं कवच, स्टीअरिंगचा दांडा आणि असंच किरकोळ. एवढ्यावर दावा फेटाळला गेला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. ऑटन यांनीही ही गाडी ‘मूळ’ आहे असं म्हणायला साफ नकार दिला. पण ती ‘ओल्ड नंबर वन’ आहेच, असं त्यांनी ठरवलं. कारण बदल एकेक करून, गाडी राबत असतानाच झाले. मध्ये कुठेही ती नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरीच उभी राहिली असं घडलं नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नव्हती. सौदा कायम राहिला.

हा निकाल मला पटतो. लिलावात लोक मूळ रंग, मूळ कातडं, मूळ बोल्ट यांसाठी पैसे उधळतात. हे सगळं जसंच्या तसं टिकतं ते बहुधा न पळालेल्या गाडीत. जी खरोखर शर्यतीत रगडली गेली, तिच्या अंगावर मूळचं काही राहणारच नाही. मग पुरावा उरतो तो कागदपत्रांत, फोटोंत आणि मालकीच्या न तुटलेल्या साखळीत. अर्थात इथेच भामट्यांचंही फावतं. एका गाडीचे जुने भाग दोन गाड्यांत वाटायचे आणि दोघींना तेच नाव द्यायचं, हा उद्योग या धंद्याला नवा नाही. ऑटन यांची कसोटी ही पळवाट बंद करते, कारण तिथे वारस एकच असावा लागतो.

आता आपल्याकडे या. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. या कसोटीवर ओल्ड नंबर वन आरटीओच्या दारातूनच परत जाईल. संस्थानांच्या गाड्यांतही जी दिवाणखान्यासारखी जपली गेली ती पास, आणि जिचं इंजिन मालकाने शर्यतीसाठी बदललं तिची पंचाईत. बनावट गाड्या रोखण्याचा हेतू चांगलाच आहे. पण तो साधायला फेरफारांवर बंदी कशाला? कोणता भाग कधी, कोणी आणि का बदलला याची नोंद मागा, आणि ती आरसी बुकाबरोबर पुढच्या मालकाकडे जाऊ द्या.