गाणं हा बी पुरावाच आहे



वनहक्काचा दावा घेऊन कचेरीत गेलं की पहिला सवाल एकच : कागद कुठं आहे? आपल्या आज्यापाशी कागद नव्हता. गाव कोणत्या नाल्यावर बसलं, मुठवा कुठं मांडला, मोह कोणाच्या हद्दीतला, हे त्याच्या गाण्यात अन् गोष्टीत होतं.

बाहेरच्या लोकांनी मात्र आपली भाषा केव्हाच कागदावर नेली. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यानं १९०३ साली कोरकूचं व्याकरण छापलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांचं कोरकू भाषेवरचं मोठं पुस्तक १९९९ साली निघालं. ते छापलं जपानात, टोकियोच्या विद्यापीठानं. या माणसांनी मेहनत केली, त्यांच्यावर आपला राग नाही. पण कोरकू टोकियोत लिहिलेली सापडते अन् आपल्या ग्रामसभेच्या पेटीत एक वही नाही, हे आपल्याला टोचलं पाहिजे.

त्याच जपानात शिगेरू कायानो नावाचा माणूस होऊन गेला. होक्काइडो बेटावरच्या ऐनू आदिवासींपैकी, निबुतानी गावचा, जन्म १९२६ चा. जंगलात लाकूडतोडीची मजुरी करायचा. विद्वान लोक गावात येत, जुन्या वस्तू घेऊन जात, पुरलेल्या पूर्वजांची हाडं बी उकरून नेत. ते पाहून त्यानं ठरवलं, आपलं आपणच जमवायचं. मजुरीच्या पैशातून वस्तू विकत घेतल्या. १९६० च्या सुमारास टेपरेकॉर्डर आणला अन् म्हाताऱ्या माणसांपाशी बसून गाणी, गोष्टी भरून घेतल्या. १९७२ साली गावातच संग्रहालय उभं केलं. पुढं तो जपानच्या संसदेत गेलेला पहिला ऐनू ठरला.

त्याच गावावर सरकारनं धरण आणलं. कायानो अन् त्याचे सोबती जमीन द्यायला तयार झाले नाहीत, कोर्टात गेले. २७ मार्च १९९७ ला साप्पोरोच्या कोर्टानं निकाल दिला : ऐनू हे तिथले मूळ रहिवासी आहेत, त्यांच्या संस्कृतीचा विचार न करता जमीन घेणं बेकायदेशीर आहे. पण तोवर धरण बांधून झालं होतं. कोर्टानं ते तसंच राहू दिलं. निकाल जिंकला, जमीन पाण्याखाली गेली.

आपल्याला निकालाची वाट पाहत बसायची गरज नाही, कारण आपला कायदा आधीच बोलला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचा नियम १३ वाचा. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तो पुरावा आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण हा पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे जोडावे लागतात, एवढंच. अन् २०१२ च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद पाहिजे असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही. पावती मागणाऱ्या साहेबाला हा नियम दाखवा.

म्हणून नुसतं गाणं म्हणून थांबू नका. गाण्यात नाल्याचं नाव आलं तर म्हातारीला घेऊन त्या नाल्यावर जा. सिडोलीचे मुंडे कोणत्या झाडाखाली आहेत ते नकाशात मांडा. कोणी सांगितलं, कोणत्या दिवशी सांगितलं, ते लिहा, अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ग्रामसभेत वाचून दाखवा. एक प्रत दाव्याला जोडा, एक गावात ठेवा. मूळ वही कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

व्याघ्र प्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात आणली. तिथं जन्मलेल्या पोरांनी आपला जुना नाला पाहिलाच नाही, त्यांनी तो फक्त ऐकला. सांगणारी माणसं गेली की तेही बंद होईल. तिथल्या साथींनी वहीचं काम सगळ्यांच्या आधी हाती घ्यावं.

पावसाळ्यात वाटा बंद होतात अन् म्हातारी माणसं घरीच असतात. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वनहक्क समितीची वही सुरू झाली पाहिजे. पोरींनो, पोरांनो, बारावी शिकलो ते कशाले? लिहायला बसा.

जल, जंगल, जमीन आमची!