शेवटच्या पानावरचं रिंगण

परवा अंथुर्ण्याहून बारामतीला जाताना एसटीत शेजारच्या कॉलेजकन्येची वही दिसली. पुढची पानं अकाउंटन्सीची; शेवटच्या पानावर मात्र वारीतलं बेलवाडीचं रिंगण, धावता अश्व, टाळकरी आणि मधोमध उसाची ट्रॉली. रिंगणात ट्रॉली कशी, असं विचारलं तर म्हणाली, ‘काका, चित्रात चालतं.’ मग हळूच, ‘परीक्षा जवळ आली की झोप उडते. हे काढलं की लागते.’ माझं मत पक्कं झालं: कॉमर्स असो की शेतकी, प्रत्येक कॉलेजात आठवड्याला एक डिझाइनचा तास हवा, बिनमार्कांचा. मार्क आले की तोही ताणच. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात ३९ प्रौढांच्या हाती ४५ मिनिटं रंग, माती, कागद दिले. सुमारे ७५ टक्के जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. चित्रकला आधी येत होती की नाही, यानं फरक पडला नाही. आमच्या आज्या गोधडीला टाके घालत मनही शिवून घ्यायच्या, ते मला आता कळतंय. समुपदेशक हवाच, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये तसं बजावलंच आहे. पण त्याच्या खोलीचं दार ढकलायला गावाकडचं पोर बिचकतं, रंगांच्या तासाला बिचकत नाही. प्राचार्यांनो, वेळापत्रकात तेवढी जागा कराच. आणि पोरांनो, रात्र फारच जड झाली तर लागेल म्हणून टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.