प्रत आहे, पण परत मिळेल काय?

कोणत्याही कचेरीत जाऊन ‘येथील संगणकावरील माहितीचा बॅकअप घेतला जातो काय?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: ‘हो, रोज घेतला जातो.’ परंतु ‘त्या बॅकअपवरून सारी माहिती पुन्हा उभी करून शेवटचे केव्हा पाहिले होते?’ असा पुढचा प्रश्न केला, की उत्तर देणारा गोंधळतो. आपल्या शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि सरकारी कार्यालये यांचा सारा व्यवहार आज सर्व्हरवर अवलंबून असताना हा दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही, ही गोष्ट काळजी वाटावी अशी आहे.

प्रस्तुत लेखकाने याचा अनुभव जवळून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कार्यालयातील सर्व्हर परीक्षेच्या अर्जांच्या ऐन दिवसांत बंद पडला. बॅकअपची डिस्क कपाटात होती, तिच्यावर रोज प्रत घेतल्याची नोंदही वहीत होती. प्रत्यक्षात ती डिस्क सात महिन्यांपूर्वीच भरून गेली होती, आणि त्यानंतरच्या एकाही रात्रीची प्रत तिच्यावर उतरली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण प्राध्यापकांच्या वह्यांवरून पुन्हा भरण्यात चार लिपिकांचे तीन आठवडे गेले. दरम्यान काही विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत जाऊ शकले नाहीत. ज्यांच्या घरी त्या पैशावर वर्षाची फी अवलंबून होती, त्यांना हा केवळ तांत्रिक बिघाड कसा वाटावा? पुढे चौकशी झाली आणि खुलासा मागण्यात आला तो वहीत सही करणाऱ्या लिपिकाकडून. नवी डिस्क घेण्याचा प्रस्ताव ज्यांनी दोनदा परत पाठविला होता, त्यांना कोणी काही विचारले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होता.

जाणकारांचीही तीच गत

असे प्रकार अज्ञानामुळे आपल्याकडेच घडतात, असे मात्र कोणी समजू नये. जगभरच्या संगणक-तज्ज्ञांचे काम सांभाळून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर पुसून टाकण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरली होती. प्रती राखण्याच्या पाच पद्धती कंपनीकडे होत्या. परंतु त्यांतील एकही वेळेला धडपणे उपयोगी पडली नाही. रोजची प्रत घेणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची असल्यामुळे प्रत निघतच नव्हती, आणि ती निघाली नाही हे कळविणारी ई-पत्रे वाटेतच नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी एकाने चाचणीच्या कामासाठी योगायोगाने काढलेल्या प्रतीवर अखेर भागले. कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतःहून प्रसिद्ध केला आणि दोष त्या अभियंत्यावर न ढकलता व्यवस्थेत शोधला, हे विशेष.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी संगणक-केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा ठप्प झाल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. त्या साठ्याची प्रत अन्यत्र का नव्हती? तर तो फार मोठा होता म्हणून! जे अधिक मोलाचे तेच अधिक असुरक्षित, असा हा उफराटा न्याय झाला.

याउलट दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाचे पाहा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील सर्व्हरवर हल्ला होऊन माहिती कुलूपबंद करण्यात आली. सुमारे दोन आठवडे रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. तरीही एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ लागली नव्हती, म्हणून रुग्णालयाची मुख्य माहिती नव्या सर्व्हरवर परत आणता आली. प्रत सुरक्षित असली तरी काम पूर्ववत होण्यास वेळ लागतोच, हाही धडा त्यातून घ्यावयाचा.

खर्च कोणाचा, नुकसान कोणाचे?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या दुर्लक्षाचे कारण उघड आहे. बॅकअपचा खर्च आज दिसतो. त्याचा लाभ मात्र न घडलेल्या अनर्थात असतो आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. शिवाय खर्चात काटछाट करणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. व्यवस्थापन डिस्कचे पैसे वाचविते. किंमत मोजतात विद्यार्थी, रुग्ण, ठेवीदार आणि रात्री जागणारे लिपिक. वर सांगितलेल्या महाविद्यालयात चार लिपिकांचे तीन आठवड्यांचे वेतन हे दोन चांगल्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होते. पण ते वेतन एरवीही द्यावेच लागते, म्हणून तो तोटा कोणी मांडला नाही.

उपाय अवघड नाहीत. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या वास्तूत असावी, हा नियम जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे एक संगणक-केंद्र जळाले, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही गेली. एका डिस्कवरचे तत्काळ दुसरीवर उमटविणारी जोड-डिस्कची सोय म्हणजे बॅकअप, हाही एक गैरसमज आहे. तिच्यावर लिहिलेले जसे तत्काळ उमटते, तसे पुसलेलेही तत्काळ पुसले जाते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परीक्षा. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत बँकांना अशी अट घातली, की घेतलेला बॅकअप वेळोवेळी पुन्हा उभा करून तो वापरण्याजोगा आहे याची खात्री करावी आणि महत्त्वाच्या यंत्रणांची आपत्कालीन तालीम निदान सहा महिन्यांतून एकदा व्हावी. पैशाबाबत जी दक्षता आवश्यक मानली गेली, ती विद्यार्थ्याच्या गुणांबाबत आणि शेतकऱ्याच्या सातबाराबाबत अनावश्यक का मानावी?

म्हणून प्रत्येक शैक्षणिक संस्थेने आणि कार्यालयाने दोन प्रश्नांची उत्तरे लेखी ठरवावीत. किती तासांची माहिती गमावणे आपल्याला परवडेल? आणि किती तासांत काम पुन्हा सुरू झाले पाहिजे? मग वर्षातून दोनदा, एका वेगळ्या संगणकावर, रोज बॅकअप घेणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसऱ्याच्या हस्ते सारी माहिती उभी करून पाहावी. त्यास किती वेळ लागला आणि काय उणे निघाले, हे संस्थाप्रमुखाने आपल्या सहीने नोंदवावे. हिशेबांची तपासणी जशी वार्षिक आणि सक्तीची असते, तशीच ही असावी, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी. ती होईपर्यंत निदान शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या कार्यालयात हा प्रश्न लेखी विचारावा. सर्व्हर बंद पडल्यावर बॅकअप उघडून पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. आणि त्या वेळी विहिरीला पाणी लागेलच, याची हमी कोणी द्यावी?