पाऊल, परवाना आणि 'पास'



मागच्या आठवड्यात कळंबच्या एसटी थांब्यावर एका मुलीचे बोलणे आमच्या कानी पडले. "आई, मी पास झाले. आता मंचरचा पास काढायचाय, त्याला पासपोर्ट फोटो लागतोय." एका दमात तीन 'पास'! आईला तिन्ही कळले. कोश काही तिने उघडला नसेल.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आला. मूळ लॅटिनमधले 'पासुस', म्हणजे पाऊल. पाऊल टाकून पलीकडे गेला तो पास झाला. जाऊ देणारा कागद तोही पास. डोंगरातून पलीकडे नेणारी वाट तीही पासच. आपल्या जुन्नरचा नाणेघाट इंग्रजी पुस्तकांत 'पास' म्हणूनच येतो. सातवाहनांच्या काळी व्यापारी तिथूनच कोकणात उतरत. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे सांगतात. म्हणजे पासाला पैसे तेव्हाही पडत होते!

'नापास' मात्र अस्सल आपला. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी. लंडनच्या माणसाला तो कळायचा नाही. आणि कुळवाच्या लोखंडी पात्यालाही आपण पास म्हणतो, त्याचा या इंग्रजी शब्दाशी काही संबंध नाही.

ठरावही पास होतो. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक पास झाले, तेव्हा मुंबईत अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. याच बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला की, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दोन्हीकडे पास, पण तळ्यातले ओंजळभर पाणी काही आपल्या माणसांना मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यापर्यंत पावले टाकावी लागली.

नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव रद्द केला. खटला चालला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला.

पुढच्या खेपेस 'क्लास' हा शब्द घेऊ.