सुनील पाल: विदर्भातला कॉमेडियन, टीव्हीवरचा विजय आणि एका शोचं खोटं बुकिंग

२ डिसेंबर २०२४ रोजी कॉमेडियन सुनील पाल हरिद्वारच्या एका शोसाठी मुंबईहून निघाले. त्यांच्याशी संपर्क होईना, म्हणून कुटुंबीयांनी सांताक्रूझ पोलीस ठाणं गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली.

मुळात शो नव्हताच. बुकिंगच्या बहाण्याने बोलावून त्यांचं अपहरण करण्यात आलं होतं आणि खंडणी घेऊन त्यांना मेरठजवळ सोडण्यात आलं.

सोशल मीडियावर अनेकांनी विचारलं, 'हा पब्लिसिटी स्टंट तर नाही ना?' पण काही दिवसांतच 'वेलकम' फेम अभिनेते मुश्ताक खान यांचं प्रकरण समोर आलं. त्यांनाही कार्यक्रमाचं आमंत्रण, ॲडव्हान्स आणि विमानाचं तिकीट पाठवून असंच पळवलं होतं. बिजनौर पोलिसांनी टोळीतल्या काही जणांना अटक केली आणि स्टंटची चर्चा थंडावली.

मग प्रश्न उरतो: देशभर ओळख असलेला कलाकार अशा फोनवर विश्वास का ठेवतो? उत्तर त्यांच्या करिअरमध्ये आहे.

हिंगणघाट ते लाफ्टर चॅलेंज

सुनील पाल मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. नागपूरपासून हे गाव साधारण ७५ किलोमीटरवर. वडील रेल्वेत होते. १९९५ मध्ये पाल मुंबईला गेले.

२००५ साली स्टार वनवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झालं. शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू परीक्षक होते. राजू श्रीवास्तव, एहसान कुरेशी, नवीन प्रभाकर असे तगडे स्पर्धक होते आणि जिंकले सुनील पाल. त्यांचं 'रतन नूरा' हे पात्र घराघरात पोहोचलं.

जिंकल्यावर काय मिळालं?

सिनेमे मिळाले. 'फिर हेरा फेरी' (२००६), 'अपना सपना मनी मनी' (२००६), 'बॉम्बे टू गोवा' (२००७). पण बहुतेक भूमिका छोट्या होत्या.

२०१० मध्ये त्यांनी स्वतःच 'भावनाओं को समझो' हा सिनेमा लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केलं. एकाच सिनेमात ५१ स्टँडअप कॉमेडियन, म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. मात्र त्यामुळे लेखक-दिग्दर्शक म्हणून त्यांचं बस्तान बसलं नाही.

मग घर कशावर चालतं?

टीव्हीने चेहरा दिला, पण त्या पिढीच्या कॉमेडियनचं पोट लाइव्ह शोवर चालतं. कंपनीचा कार्यक्रम, लग्न, महोत्सव. तमाशा आणि ऑर्केस्ट्रावाले याला 'सुपारी' म्हणतात. व्यवहार साधा असतो: फोन येतो, तारीख ठरते, ॲडव्हान्स येतो, तिकीट येतं. पलीकडचा माणूस कोण, हे बऱ्याचदा गावात उतरल्यावरच कळतं. टोळीने नेमका याच पद्धतीचा फायदा घेतला.

नव्या पिढीचं वेगळं आहे का?

काही प्रमाणात. नागपूरच्या तरुणाला आज चॅनलच्या ऑडिशनची वाट पाहावी लागत नाही. तो व्हिडिओ टाकतो, स्वतःचा प्रेक्षक जमवतो आणि शोची तिकिटं ऑनलाइन विकतो. यात आयोजकावरचं अवलंबित्व कमी होतं.

पण धोका संपत नाही, तो जागा बदलतो. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या व्हिडिओवरून मुंबईतल्या 'हॅबिटॅट'ची तोडफोड झाली. त्याआधी फेब्रुवारीत 'इंडियाज गॉट लेटेंट'वर गुन्हे दाखल झाले. पाल स्वतः नव्या कॉमेडीतल्या शिवराळ भाषेवर सतत टीका करतात. पण २०२१ मध्ये डॉक्टरांबद्दलच्या वक्तव्यामुळे त्यांच्यावरही मुंबईत गुन्हा दाखल झाला होता आणि त्यांना माफी मागावी लागली होती.

यातून काय घ्यायचं?

नाव मोठं झालं म्हणजे काम सुरक्षित झालं, असं नाही. ऑर्केस्ट्रा, कीर्तन, निवेदन, स्टँडअप असं काहीही करत असाल, तर फक्त ॲडव्हान्स आला म्हणून निघू नका. हॉलला स्वतः फोन करून त्या तारखेचं बुकिंग आहे का ते विचारा, लेखी करार मागा आणि प्रवासाचा तपशील घरी देऊन ठेवा. शो खरा असेल, तर या चौकशीचा आयोजकाला राग येणार नाही.